दोन सीटांची निळी गाडी

मैदान विकल्यानंतर चार महिन्यांनी सगळं घर पहिल्यांदाच एका टेबलाभोवती बसलं, आणि तेही एका गाडीपायी. मैदान म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या मागची मोकळी जागा. मास्तरांनी तिथं चव्वेचाळीस वर्षं लोकांना रिव्हर्स शिकवला होता. ते विकावं असं थोरल्या मुलाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं होतं. विकू नये असं त्याच्या बहिणीचं. तिचं वय एक्केचाळीस, पण घरात तिला अजून बेबीच म्हणत. त्या भांडणात दादाची बायको नवऱ्याला सोडून नणंदेच्या बाजूला गेली होती, आणि त्याचे चटके तिला अजून अधूनमधून बसत होते. मैदान शेवटी विकलं गेलंच. भाऊबहीण बोलेनासे झाले. आणि बहात्तर वर्षांच्या मास्तरांनी एके दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, की आपण आता एक स्पोर्ट्स कार घेणार.

मास्तरांनी आपण संन्यास घेतोय म्हणून सांगितलं असतं तर घरच्यांनी ते सहज पचवलं असतं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना हळू जा म्हणून सांगत आला होता. शिकाऊ माणूस चाळीसच्या पुढे गेला की ते ओरडत नसत, आपल्या बाजूचा जादा ब्रेक नुसता दाबत. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यात दोन डॉक्टर होते, एक न्यायाधीश होता आणि परवाना कार्यालयातले सगळेच्या सगळे इन्स्पेक्टर होते. पण एवढ्या जन्मात मास्तरांनी स्वतः गाडी अशी फारशी चालवलीच नव्हती. कुठंही जायचं म्हटलं की कुणीतरी शिकाऊ त्यांना तिथं घेऊन जाई, आणि ते शेजारी बसून शिकवत जात. बेबीच्या जन्माच्या वेळी बायकोला घेऊन दवाखान्यात जाताना गाडी एका शाळामास्तरणीच्या हातात होती आणि ती पूर्ण रस्ताभर दुसऱ्या गिअरमध्येच राहिली. बेबी दवाखान्याच्या दारात जन्मता जन्मता राहिली, ही गोष्ट घरात अजून सांगत.

तर रविवारी सकाळी दहा वाजता शोरूमचा विक्रेता दोन गाड्या घेऊन दारात आला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेला, म्हणून इतरांपेक्षा अंमळ जास्तच आदर बाळगून असलेला. एक गाडी काळी होती. मोठी, रुंद, चार सीटांची. इंजीन साडेचारशे घोड्यांचं. दुसरी निळी, जेमतेम कमरेएवढी उंच, दोनच सीटांची. तिच्यात घोडे काळीच्या एक तृतीयांशही नव्हते, पण वजनही निम्म्याहून कमी होतं. विक्रेत्यानं दोन्ही माहितीपत्रकं टेबलावर ठेवली आणि मोठ्या अदबीनं पुढच्या ऑफिसात जाऊन बसला. ऑफिस आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक पातळ लाकडी पडदी होती. त्यामुळे त्या दिवशी घरात जे भांडण झालं, ते सगळं सौम्य आवाजात झालं.

पहिल्यांदा दादा बोलला. स्कूल आता तोच चालवत होता. त्याच्या मते प्रश्नच नव्हता, काळीच घ्यायची. चार सीट आहेत, सगळं कुटुंब बसेल. दाराच्या खाली बारीक अक्षरांत स्कूलचं नाव घालता येईल. आणि चव्वेचाळीस वर्षं शिकवलेल्या माणसानं घ्यावी ती गाडी लोकांनी वळून बघावी अशी असावी. काळीच्या मागच्या सीटवर बसायला माणसाला गुडघे घरी ठेवून यावं लागेल, असं त्याच्या बायकोला वाटलं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

बेबी विमा कंपनीची सर्व्हेअर होती. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, कुठं काय चेपलं ते लिहायचं, हेच तिचं काम. काळी की निळी यात तिला रस नव्हता, तिला बापात रस होता. निळीचं माहितीपत्रक तिनं बोटानं दूर सारलं.

"बाबा, मी हे रोज बघते. जड गाडीतला माणूस स्वतः जबाब द्यायला येतो. हलक्या गाडीतल्याच्या वतीनं त्याचे नातेवाईक येतात."

दादानं चार महिन्यांत पहिल्यांदा बहिणीकडे सरळ पाहिलं. बेबीनंही त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्या मनात मैदानाचं जे काही होतं ते तसंच राहिलं, पण काळीपुरता तह झाला.

उरली मास्तरीणबाई. तिला गाडी कधीच चालवता आली नाही, तरी गावभर हेच नाव. स्कूलचं ऑफिस तिनं संभाळलं होतं. हजारो लोकांचे परवान्याचे अर्ज तिनं आपल्या गोल अक्षरात भरले होते. आधी दोन आठवडे ती कुठलीच गाडी नको म्हणत होती. त्या दिवशी मात्र तिनं अचानक पवित्रा बदलला.

"घ्यायचीच असेल तर काळी घ्या," ती म्हणाली. "समोर काही आलं की ती आपली आपण थांबते म्हणे."

तीन मतं झाली. मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले की आधी दोन्ही चालवून बघतो, मग ठरवू. म्हणजे त्यांचं काहीतरी ठरलेलं आहे, हे सगळ्यांना कळलं.

काळीत दादा बापाच्या शेजारी बसला. बाहेरचा रुंद, सरळ रस्ता रविवारी मोकळा असतो. तिथं पोचेपर्यंत मास्तरांनी काटा तिसाच्या पुढे जाऊ दिला नाही. गाडी एखाद्या सोफ्यासारखी सरकत होती. आवाज नाही, हादरा नाही. दादा आत लावलेल्या कातड्यावरून हात फिरवत होता आणि स्कूलच्या नावाची अक्षरं कुठल्या रंगात घालावीत याचा विचार करत होता. रुंद रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "जरा दाबा की, बाबा. हिची खरी ताकद बघायला नको का?"

मास्तरांनी दाबलं. कुणीतरी मागून लाथ घालावी तशी गाडी पुढे उसळली. दोनतीन सेकंदांचाच खेळ, पण तेवढ्यात काटा शंभराच्या पुढे गेला होता. मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गोठले होते. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यांनी पाय काढला तेव्हा तो थरथरत होता, आणि ते झाकण्यासाठी त्यांनी उगाच आरसा नीट केला.

दादानं बापाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. विद्यार्थ्यानं गाडी दुभाजकावर चढवली तेव्हाही नाही. त्याला एकदम वाटलं, खिडकीबाहेर बघावं. मग तो खिडकीबाहेरच बघत राहिला. घरी आल्यावर बेबीनं विचारलं तर म्हणाला, "एकदम खूश. हातात बसलीय." यात बापाची अब्रू राखणं किती आणि आपलं घोडं पुढे दामटणं किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

निळीत जायची वेळ आली तेव्हा शेजारच्या सीटचा प्रश्न निघाला. दादानं प्रयत्न केला. तो एका खांद्यापर्यंत आत गेला, तिथं अडकला आणि विक्रेत्याच्या मदतीनं बाहेर आला. बेबीनं त्या डबीत पाय ठेवायला साफ नकार दिला. मास्तरीणबाईनं गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा मास्तर म्हणाले, "सूनबाई, तू चल."

सूनबाई एकोणीस वर्षं या स्कूलमध्ये शिकवत होती. घाबरट माणसं, वयस्क बायका, दोनदोनदा नापास झालेले, हे सगळे तिच्याकडे येत आणि पास होऊन जात. सगळ्यात चांगली मास्तर तीच, हे दादासकट सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ते कुणी बोलून दाखवत नसे.

मास्तरांनी तलावाचा वळणावळणाचा रस्ता धरला. पहिल्या वळणालाच सूनबाईला फरक कळला. रस्त्यावरचा खडान् खडा सीटमधून कळत होता. स्टिअरिंग बोटभर वळवलं की नाक बोटभर वळे. काटा चाळिसावर होता, पण गाडी जमिनीच्या इतकी जवळ होती की चाळीसचे ऐंशी वाटावेत. मास्तर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. तिनं त्यांना असं हसताना क्वचितच पाहिलं होतं. ते म्हणाले, की काळी शंभरला झोपलेली असते आणि एकशे दहाला एकदम अंगावर येते, ही मात्र पहिल्यापासून जागी आहे. सूनबाईचे हात मांडीवर होते, आणि ते स्टिअरिंगवर असते तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

तलावाच्या कडेला रंगाऱ्यांचं काम चालू होतं. डावीकडच्या गल्लीतून दोन रंगारी एक लांबलचक शिडी आडवी धरून रस्त्यावर आले. पुढचा रस्त्याच्या डाव्या कडेशी, मागचा अजून गल्लीत. सूनबाईला ते केव्हाच दिसले होते. मास्तरांनाही दिसले असणार असं धरून तिनं वाट पाहिली. गाडीचा वेग कमी झाला नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे सरळ पुढे होते, शांत, आनंदी. तिनं हँडब्रेक खेचला.

गाडीचा मागचा भाग थोडा घसरला आणि ती थांबली. शिडी बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. पुढच्या रंगाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मास्तरांना ओळखलं, आणि आपलीच चूक झाली असं समजून हात जोडले. तोही त्यांचाच विद्यार्थी निघाला.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि इंजीन बंद केलं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं विरत जातं. डावीकडचं जास्त. गाडी चालवू नका, असं त्यानं स्पष्ट बजावलं होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. परवान्याची मुदत अजून पाच महिने होती, आणि नूतनीकरणाची त्यांना काळजी नव्हती. कार्यालयातले सगळे त्यांचेच. टेस्ट कसली, खुर्ची पुसून देतील आणि शिक्का मारतील. म्हटलं, आयुष्यभर शेजारी बसलो, चार रविवार तरी स्वतः चालवावी. तोवर काही होत नाही.

"मला नापास करेल असा माणूस या गावात उरला नाही," ते म्हणाले. "तू घे माझी टेस्ट."

"घेतलीच की, बाबा."

"मग?"

एकोणीस वर्षांत तिनं शेकडो लोकांना हा शब्द ऐकवला होता. "नापास," सूनबाई म्हणाली.

"कारण सांग. कारण न सांगता नापास करायचं नाही."

तिनं कारण सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे पाहिलं नाही. शिडी वीस पावलांवर असताना दिसायला हवी होती, ती शेवटपर्यंत दिसली नाही. ती हे परीक्षकाच्या सपाट आवाजात बोलत होती, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला बोलता आलं नसतं. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते आणि प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते. शेवटी ते म्हणाले, की बेबी म्हणते ते खरं आहे, जड गाडी आतल्या माणसाला वाचवते. पण आज काळी असती तर ती इतक्यात थांबली नसती, आणि ते दोघे शिडीसकट गेले असते.

"काळी आपली आपण थांबते, बाबा," सूनबाई म्हणाली. खरं ते सांगायची तिला सवय होती.

"शिडीला थांबते? आडव्या, पातळ शिडीला?"

ते तिलाही माहीत नव्हतं. मास्तरांनी दार उघडलं. उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. गाडीला वळसा घालून ते तिच्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडे."

सूनबाईनं गाडी सुरू केली. परत जायचा सरळ रस्ता दहा मिनिटांचा होता. तिनं तलावाला पूर्ण वळसा घातला.

इकडे घरी वीस मिनिटांचे दीड तास झाले होते. विक्रेत्याचे तीन चहा झाले होते. दादा दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येत होता. बेबीनं रस्त्याचा, गाडीच्या वजनाचा आणि बापाच्या वयाचा मनाशी हिशोब मांडला होता, आणि त्याचं उत्तर तिला आवडलं नव्हतं. मास्तरीणबाई टेबलाशी बसली होती. ती सगळ्यांत कमी बोलत होती आणि सगळ्यांत जास्त घाबरलेली होती.

शेवटी विक्रेत्यानंच शांतता मोडली. आपण मदत करतोय अशा समजुतीनं तो पडदीच्या कडेनं डोकावला आणि म्हणाला, की काळजी करू नका, वहिनींना निळीची सगळी माहिती आहे. गेल्या आठवड्यात त्यांनीच फोन करून विचारून घेतली होती. वजन किती, ब्रेक कसे, कुठल्या रंगात मिळते. दोनदा केला होता फोन.

तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. दादा आणि बेबी एकमेकांकडे बघत राहिले.

"तरीच," दादा हळू आवाजात म्हणाला.

बेबीला ते पटायला वेळ लागला, कारण तिला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मैदानाच्या भांडणात वहिनी तिच्या बाजूनं उभी राहिली होती, तेव्हा तिला आपल्याला सख्खी बहीण मिळाल्यासारखं वाटलं होतं. आता तिला वाटलं, की ही बाई कुणाच्याच बाजूची नव्हती. दोन सीटांच्या गाडीत एक सीट बाबांची, मग दुसरी कुणाची? आणि बाबा आणखी किती वर्षं चालवणार? दादानं हेच बोलून दाखवलं. भाऊबहिणींचा तह एव्हाना चांगलाच पक्का झाला होता. मास्तरीणबाई म्हणाली, "ती तशी नाही." पण ते तिनं अशा आवाजात म्हटलं की त्यातून काहीच सिद्ध झालं नाही.

तेवढ्यात निळी दारात आली. सगळे बाहेर गेले. मास्तर शेजारच्या सीटवर होते आणि स्टिअरिंगवर सूनबाई होती. तिचे केस विस्कटले होते, गाल तांबूस झाले होते. चेहऱ्यावरचा आनंद पुसायला तिला वेळ मिळाला नव्हता. याहून जास्त पुरावा कुणाला नको होता.

बैठकीच्या खोलीत आल्यावर मास्तर बसता बसताच म्हणाले, "निळी घ्यायची."

दादानं श्वास सोडला. बेबी मात्र वहिनीकडे वळली.

"तुला हवी होती तर सरळ सांगायचं होतंस, वहिनी. बाबांना पुढे करून कशाला?"

एका वाक्यात सूनबाईला स्वतःला सोडवता आलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. फोनबद्दल विचारलं तेव्हाही ती इतकंच म्हणाली, की हो, केला होता. दादा म्हणाला, आता काय बोलायचं राहिलं? आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला. पडदीपलीकडे कपबशीचा आवाजही थांबला होता.

"बस खाली," मास्तर म्हणाले. "मी टेस्टमध्ये नापास झालोय. तिनं केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, काचबिंदू, शिडी, हँडब्रेक. काही वगळलं नाही, काही जोडलंही नाही. सांगून झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं, कारण त्यांना तिचीच भीती वाटत होती.

"शिडीचं ठाऊक नव्हतं," मास्तरीणबाई म्हणाली. "डोळ्यांचं ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही कप टेबलाबाहेर ठेवायला लागलात तेव्हापासून. मी टेबल डावीकडे सरकवलं. तुम्हाला तेही दिसलं नाही."

आठ महिने आपण लपवलं असा मास्तरांचा समज होता. तिचं काळीसाठीचं मत त्यांना आता कळलं. नाही म्हणून हा माणूस ऐकणार नाही हे तिला माहीत होतं, तेव्हा निदान गाडीला तरी डोळे असावेत, एवढाच तिचा विचार होता.

दादा खाली बसला होता. थोड्या वेळानं तो टेबलाकडे बघत म्हणाला, "काळीत तुम्ही घाबरला होतात. मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही." ताकाला जाऊन भांडं लपवणारी सगळी एकाच घरात जमली होती, तेव्हा कोण कुणाला बोलणार?

बेबीला रडू येत होतं आणि तिला ते नको होतं. ती वहिनीजवळ जाऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, की मी उगाच बोलले, मला काय माहीत होतं, तू कसं गं सगळं ऐकून घेतलंस. वहिनीनं तिचा हात थोपटला. घर पुन्हा जागेवर येतंय असं वाटायला लागलं. दादालाही मोकळं वाटलं. तो उठला आणि म्हणाला, की मग विषयच मिटला. चालवायचीच नाही तर गाडी कशाला? विक्रेत्याला सांगतो, दोन्ही घेऊन जा.

"थांब," मास्तर म्हणाले. "निळी घ्यायची म्हणालो ना. माझ्या नावावर नाही. सूनबाईच्या नावावर."

बेबीचा हात वहिनीच्या खांद्यावरच राहिला, पण त्यातला जीव गेला. माफी अर्धी मागून झाली होती, ती पुढे न्यावी की परत घ्यावी हे तिला कळेना. पाच मिनिटांपूर्वी ज्या आरोपातून वहिनी निर्दोष सुटली होती, तो आता जसाच्या तसा खरा ठरत होता. फक्त गुन्हा कुणाचाच नव्हता.

सगळे सूनबाईकडे बघत होते. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते प्रत्येकाला पाठ होतं. नको, बाबा. मला कशाला? यांच्या नावावर करा. ते शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. एकोणीस वर्षं तिनं वेळेवर असे शब्द काढले होते. मैदान विकलं तेव्हा तिला कुणी वाटा विचारला नव्हता आणि तिनंही विचारला नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो नजरेनं तिला तेच शब्द सुचवत होता.

"मला हवी आहे," सूनबाई म्हणाली. "मी फोन केला तो त्यासाठीच. बाबांची बाजू घ्यायला नाही. मला जाणून घ्यायचं होतं की ती कशी आहे. घेता येईल असं मनातही नव्हतं, पण बघायचं होतं."

दादा म्हणाला, "अगं, पण..."

"बाबांना मी रविवारी नेईन," ती म्हणाली. "तलावाला, कुठंही. बाकीचे दिवस मी एकटी जाईन."

मास्तर खांदे हलवून हसायला लागले. मग बेबीनं आपला हात काढला. ती खिडकीशी गेली आणि निळीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ तिनं गाडीच्या नाकाकडे, दारांकडे, छपराकडे पाहिलं, चेपल्यावर काय काय होईल ते मोजत असल्यासारखं.

"बेल्ट लावल्याशिवाय गल्लीतही हलवायची नाही," ती शेवटी वळून म्हणाली. "आणि विमा मी सांगेन तोच." माफीचा उरलेला अर्धा भाग तिनं असा पुरा केला.

मास्तरीणबाईनं विक्रेत्याला हाक मारली. तो इतक्या लगेच आत आला की पडदीला कान लावून उभा असावा. तिनं अर्ज मागून घेतला, चष्मा लावला आणि आपल्या गोल अक्षरात सुनेचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. जन्मतारीख तिला पाठ होती. मग ती एका रकान्याशी थांबली.

"गाडीचा वापर," तिनं वाचलं. "खाजगी की व्यावसायिक?"

दादानं ही संधी सोडली नाही. व्यावसायिक लिही, असं तो म्हणाला. स्कूलच्या नावाखाली घेतलेली बरी, उद्या दारावर बारीक अक्षरांत नाव घालता येईल, एवढी सुंदर गाडी गावात फिरणार तर तिचा स्कूलला काहीतरी उपयोग व्हायला नको का? त्याचं म्हणणं तसं वाजवी होतं. या घरात आजवर आलेली प्रत्येक गाडी स्कूलची होती, आणि प्रत्येक माणूसही.

मास्तरीणबाईनं पेन उचललं नाही. ती चष्म्यावरून सुनेकडे बघत राहिली.

"खाजगी," सूनबाई म्हणाली.

सासूनं ते लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत अर्ज कुणाच्या हातात दिला नाही.